किती दिवसांपासून

ज्या वर्षी त्याच्या थोरल्या बहिणीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, आणि सगळ्या नातेवाइकांनी आधी नाकं मुरडून मग पोटभर जेवून घेतलं, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्नाला त्याची मुलगी आली नाही. ती लग्न करून परक्या मुलखात गेली होती, जिथे सगळे तुर्की बोलतात. तिथून तिने एक लोकरीची शाल पाठवली, सासूने विणलेली, आणि फोनवर आत्याला सांगितलं, “सुट्टीच नाही गं, नाहीतर नाचले असते तुझ्या लग्नात.” बहीण ती शाल पांघरून खुर्चीत बसली, काठाची वीण बोटांनी चाचपत राहिली आणि म्हणाली, “ठकी खोटं बोलते. शाल मात्र ऊबदार आहे.” तो म्हणाला, “तुझं आपलं काहीतरीच, ताई.” बहिणीने त्याच्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला. तिला त्या दिवशी दुसरी पुष्कळ कामं होती.

त्याला हॉस्पिटलात सगळे फिल्मवाले म्हणत. चौतीस वर्षं तो एक्स-रेच्या फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत उभा होता. आता निवृत्त होऊनही पुष्कळ दिवस झाले होते, पण नखांचा तपकिरी रंग गेला नव्हता आणि बोटांना हुंगलं तर अजून आंबूस वास येतो असं त्याला वाटे. दर रविवारी सकाळी अकराला तो मुलीला फोन करी. बोलणं ठरलेलं. जेवलास का, गुडघा काय म्हणतो, तिकडे ऊन की पाऊस. ताईच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या रविवारी फोन मुलीने उचलला नाही, तिच्या सासूने उचलला. विहीणबाईंचा आवाज त्याने फार तर चारदा ऐकला होता, आणि तोही लांबून, भांड्यांच्या आवाजात मिसळलेला. आज तो थेट कानात आला. त्याचा आवाज ओळखताच त्या घाईघाईने बोलू लागल्या, जणू हे बोलायला कुणी भेटेल म्हणून त्या केव्हाच्या दाराशी उभ्या होत्या. त्याला काही कळत नव्हतं. दोनच शब्द परत परत येत होते, गेलिन आणि हास्ता. गेलिन, हास्ता. मग खुडबुड झाली, कुणीतरी फोन ओढून घेतला आणि मुलगी म्हणाली, “बाबा, अरे झोपले होते मी.”

“अकरा वाजता?”

“तुझे अकरा. इथे आत्ता साडेआठ वाजलेत.”

“काय म्हणत होत्या त्या? हास्ता हास्ता.”

“काही नाही रे. लादी पुसायची राहिलीय म्हणत होत्या. त्यांचं सारखं लादी, लादी.”

ती हसली. त्यानेही हसून फोन ठेवला आणि तसाच उभा राहिला. गुडघा ठणकत होता तरी बसावंसं वाटेना. त्याला खुपलं ते एवढंच, की उत्तर फार लवकर आलं. खऱ्या उत्तराला माणूस थोडा वेळ घेतो, आठवतो, अडखळतो. तयार करून ठेवलेलं उत्तर असं पटकन येतं. हे त्याला माहीत होतं, कारण असं एक उत्तर त्याने स्वतः एकदा दिलं होतं, आणि समोर हीच मुलगी उभी होती.

कुणाला विचारावं, तर का विचारता म्हणून आधी कारण सांगावं लागलं असतं. म्हणून एका शाळेत, मुलं घरी गेल्यावर, आठवड्यातून दोनदा तुर्कीचा वर्ग भरतो असं कळल्यावर तो तिथे गेला. तीन जिने. प्रत्येक जिन्यावर थांबून तो भिंतीला टेकायचा, भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांकडे बघतोय असं दाखवायचा. बाकं लहान मुलांची, गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्नच. शिकवणारी बाई तिशीची, कायम सर्दी झालेली, नाकाचा शेंडा लाल. वर्गात तुर्की मालिका बघून खुळावलेल्या दोन बहिणी, एक नर्स, आणि गालिच्यांच्या दुकानातला एक जाड कारकून. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, “कुणाला काही शंका?” तेव्हा अजून काही शिकवलंच नव्हतं. त्याने हात वर केला.

“हास्ता म्हणजे काय हो? लादी का?”

दोघी बहिणी खुदकन हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत, त्यांनी नाक पुसलं. “लादी नाही काका. हास्ता म्हणजे आजारी.”

“आणि गेलिन?”

“सून.”

त्याने दोन्ही शब्द वहीत लिहिले, हळूहळू, एकेक अक्षर गिरवत. अक्षरांची त्याला अजून भीती वाटे. एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. अंधाऱ्या खोलीत त्याची गरज नव्हती. तिथे हाताला कळायचं आणि तोंडाने मोजायचं. मग एकदा दोन माणसांच्या फिल्मची पाकिटं बदलली, मोडलेल्या हाताच्या माणसाला शाबूत हात सांगितला गेला, आणि साहेब म्हणाले, नाव वाचता येत नसेल तर झाडू मारायला जा. तेव्हा बायकोने त्याला शिकवलं. ठकी त्या वर्षी पाच वर्षांची होती, तिचीही पाटी नुकतीच आली होती. एका पाटीवर दोघं. मधे रेघ मारलेली, अर्धी बापाची, अर्धी लेकीची. ठकी पुढे निघून जायची आणि रेघ ओलांडून त्याची अक्षरं दुरुस्त करायची. “बाबा, पोट उलटं काढलंस.” बायको पोळपाटावरून मान न उचलता म्हणायची, “काढू दे गं, फिल्ममध्ये सगळं उलटंच दिसतं त्यांना.” आता या तुर्की अक्षरांना वर टिंबं होती, खाली शेपट्या होत्या, एक अक्षर तर टिंबाशिवाय उघडंबोडकं. रेघ ओलांडून दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन तो दिवा न लावता बसायचा. अंधाराचं त्याला काही वाटत नसे. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघायचा, आणि शब्दाचा अर्थ विरघळून नुसता आवाज उरला की त्याला थोडं बरं वाटायचं. पण विरघळलेला अर्थ सकाळी पुन्हा जागेवर असायचा.

पुढच्या रविवारी त्याने मुलीला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, हो रे, सर्दी. आजारी आहे एवढं कळलं होतं. त्याला हवं होतं ते पुढचं. किती दिवसांपासून. सगळं त्यात होतं. चार दिवसांपासून म्हणजे काही नाही. चार महिन्यांपासून म्हणजे काहीतरी. हॉस्पिटलात डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारायचे, आणि दारापलीकडून त्याला तो दिवसभर ऐकू यायचा. किती दिवसांपासून खोकला आहे, किती दिवसांपासून दुखतंय. आणि लोक हमखास कमी सांगायचे. महिन्याचा आठवडा करायचे, जसं काही थोडं सांगितलं की थोडंच होईल. लेकीला विचारून उपयोग नव्हता, जावई तर तिच्या शब्दाबाहेर नव्हता. राहिल्या विहीणबाई. त्या दिवशी त्या सांगायलाच तर बघत होत्या. त्याला फक्त विचारता यायला हवं होतं, आणि उत्तर आलं तर ते कळायला हवं होतं. म्हणून तो आकडे घोकू लागला. बिर, इकि, उच. भाजी आणायला जाताना, पाण्याच्या बादलीत नळ सोडून, दाढी करताना. जन्म मोजण्यात गेला होता. मोजायचं आणखी एका भाषेत, एवढंच.

सातव्या आठवड्यात तो धडा आला. बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, “एखादी गोष्ट किती काळापासून चालू आहे ते आज सांगायचं. काळाच्या मागे दिर लावा, नाहीतर दर. बास. प्रत्येकाने स्वतःचं सांगा.” जाड कारकून उठला. “सहा महिन्यांपासून सिगारेट सोडतोय.”

“सोडलीय की सोडताय?”

“सोडतोयच, बाई.”

“मग बरोबर आहे वाक्य.”

धाकटी बहीण म्हणाली, “वीस मिनिटांपासून भूक लागलीय.” थोरली म्हणाली, “हिला जन्मापासून लागलीय, ते कसं म्हणायचं?” नर्स म्हणाली, “अकरा तासांपासून उभी आहे,” आणि ते इतकं खरं होतं की कुणी हसलं नाही. मग बाई त्याच्याकडे वळल्या. त्याने घरून तयार करून आणलं होतं. तो बाकाला धरून उठला आणि म्हणाला, “चौतीस वर्षांपासून अंधारात काम करतो.”

“वा, काका! अजून करता?”

“नाही. सुटलं ते.”

“मग हे नाही चालायचं. जे अजून चालू आहे त्यालाच हे. संपलं त्याचं वेगळं. दुसरं काहीतरी सांगा, जे अजून चालू आहे.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. कारकून हळूच म्हणाला, “गुडघा सांगा, काका.” तो गुडघा सांगू शकला असता. पण त्याच्या तोंडात एक वेगळंच वाक्य तयार झालं होतं, जिभेवर येऊन बसलं होतं, आणि ते त्याला कुठल्याच भाषेत म्हणायचं नव्हतं. एकोणीस वर्षांपासून मी ते लपवतो आहे. त्याने बाईंना सांगितलं, आठवत नाही, आणि तो खाली बसला. बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, शिंकल्या आणि पुढच्या ओळीकडे गेल्या.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला खोकला झाला होता. बरेच दिवस गेला नाही म्हणून तोच म्हणाला, चल, एक फिल्म काढून टाकू. ओळखीतलं काम. ती नटून आली होती, त्याच्या हॉस्पिटलात जायचं म्हणून बरी साडी नेसून. फिल्म त्याच्याकडे धुवायला आली. दार बंद, लाल दिवा, डेव्हलपरची टाकी. त्याने फिल्म हँगरला लावली, टाकीत सोडली आणि मोजायला लागला. तीनशेपर्यंत मोजायचं असतं. ठकी लहान असताना त्याने तिला कितीदा चोरून आत आणलं होतं. दोघं अंधारात कुजबुजत मोजायची, आणि दीडशेच्या सुमारास फासळ्या दिसायला लागल्या की ती म्हणायची, आला, माणूस आला. तेव्हाही दीडशेच्या सुमारास बायकोच्या फासळ्या आल्या. एकशे ऐंशीला उजव्या बाजूला ते दिसलं, पांढरट गाठीसारखं. डॉक्टर नसला तरी त्याने हजारो छात्या धुतल्या होत्या. त्याला विचारायला कुणाकडे जायची गरज नव्हती. आकडे तोंडातून चाललेच होते, दोनशे तीन, दोनशे चार, आणि हात आपोआप भिंतीकडे गेला. चौतीस वर्षांत त्याने पांढऱ्या दिव्याचं बटण फिल्म टाकीत असताना कधी दाबलं नव्हतं. ते त्याने दाबलं. खोली पांढरी झाली. टाकीतली फिल्म हळूहळू काळी होत गेली, फासळ्या गेल्या, ते गेलं, सगळं एकसारखं काळं झालं. तो बघत उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं. ते वाटणं त्याच्याने अजून विसरवत नव्हतं.

बाहेर येऊन तो म्हणाला, फिल्म खराब निघाली, परत काढू. बायको म्हणाली, “तुमच्या हातून? नवलच.” परत काढू, परत काढू म्हणता म्हणता सात आठवडे गेले. मधे खोकला थोडा कमी झाला होता, तीच म्हणाली राहू दे आता, आणि त्याने राहू दिलं. रोज सकाळी तो ठरवायचा, रोज संध्याकाळी ती हसत दार उघडायची. मग तिच्या थुंकीत रक्त आलं. पुढे सगळं झालं ते जसं होतं तसंच झालं. सात आठवड्यांनी काय फरक पडला असता, हे त्याने डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. आई गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी ठकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कॉलेजात होती तेव्हा. म्हणाली, “बाबा, तुला किती दिवसांपासून माहीत होतं?” आणि तो पटकन म्हणाला, “मला कुठे माहीत होतं? तुझ्याबरोबरच कळलं.” पटकन. ती बघत राहिली, मग चहाचे कप उचलून घेऊन गेली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. ती कधी भांडली नाही, रागावली नाही, फोन चुकवला नाही. पण त्या दिवसापासून तिने त्याला काही खरं विचारलं नव्हतं आणि काही खरं सांगितलंही नव्हतं.

बुधवारी दुपारी, कधी करायचा नाही अशा वेळेला, त्याने फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला. त्याला वाटलं, मुलीने उचलला तर गुडघ्याचं बोलू. विहीणबाईंनी उचलला. त्याने तोंडपाठ केलेलं म्हटलं, गेलिन हास्ता. मग श्वास घेतला आणि विचारलं, “ने झामानदर?” किती दिवसांपासून.

दूर कुठेतरी नळ गळत होता. मग विहीणबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “उच सेनेदिर.” त्याने ऐकलं आणि ऐकलं नाही. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं एकेक तुकडा करून परत सांगितलं. उच. सेने. दिर. तीन वर्षांपासून. तो आणखी काही शिकला नव्हता. विहीणबाई रडत होत्या, तो ऐकत होता. रडण्याला शिकवणी लागत नाही. थोड्या वेळाने त्याने मराठीतच म्हटलं, “बरं झालं सांगितलंत,” आणि फोन ठेवला.

तीन वर्षं. त्याने ती एखादी फिल्म उजेडासमोर धरावी तशी समोर धरली आणि सगळं एकेक करून वर यायला लागलं. दोन वर्षांपूर्वी ती आली होती ती मुलासारखे केस कापून. “तिकडे सगळ्या असेच ठेवतात,” म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, “भलतंच काय हे, कोंबडीसारखी दिसतेस.” ती पोट धरून हसली होती. जिन्यात ती त्याच्यासाठी थांबायची. बापाचा गुडघा म्हणून थांबते असं त्याला वाटायचं. आवाज बसायचा तेव्हा थंडी. फोन लवकर ठेवायची तेव्हा दारावर कुणीतरी. आत्याच्या लग्नाला सुट्टी नाही. दीडशे रविवार. दीडशे रविवार तो जेवलास का, जेवलीस का करत होता. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. आला तो एक जुना थकवा, चौतीस वर्षं उभं राहिल्यावर पोटऱ्यांत उतरायचा तसा. तिने काही नवीन केलं नव्हतं. तिने पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं होतं, एवढंच. ते कुठे असतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

बहिणीला त्याने संध्याकाळी सांगितलं. ती तोंडावर शाल धरून बसली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “मग बसलास काय इथे? ऊठ.”

“मला बोलावलं नाहीये तिने.”

“तुला कोण बोलावणार आहे? बापाला बोलावतात का?” तिच्या नव्या नवऱ्याने, जो फारसा कधी बोलत नसे, उठून कपाटावरची बॅग काढली आणि फडक्याने झटकायला घेतली.

कागदपत्रांना तेवीस दिवस लागले. ठकीला न सांगता जावई विमानतळावर आला होता. दोघांच्या भाषा एकमेकांना लागत नव्हत्या, म्हणून त्याने सासऱ्याचा हात गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. दार विहीणबाईंनी उघडलं. आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा खूपच बुटक्या होत्या. ठकी खिडकीजवळच्या पलंगावर होती, डोक्याला रुमाल. चेहऱ्याची सगळी हाडं दिसत होती. त्याला बघून ती आधी घाबरली आणि मग चिडली.

“तुला कुणी सांगितलं?”

“तुझ्या सासूबाईंनी.”

“त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही.”

“मला येतं की तुर्की. थोडं.”

“तुला?”

“लादी सोडून बाकी येतं.”

ती हसायला लागली, हसता हसता खोकली, खोकता खोकता रडली. तो स्टूल ओढून बसला. विहीणबाईंनी त्याच्या हातात गरम काहीतरी दिलं आणि त्या बाहेर गेल्या. दार लावून घेतलं. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढत होतं. तिला वाटत असावं की आता हा विचारणार, का नाही सांगितलंस. त्याने विचारलं नाही. तो एकोणीस वर्षं आणि एवढा प्रवास करून आला होता तो दुसऱ्याच कामासाठी, हे त्याला त्या स्टुलावर बसल्यावर कळलं.

“आईचं,” तो म्हणाला. “तू विचारलं होतंस. सात आठवड्यांपासून.”

तिचे डोळे मिटलेले होते. ते तिने उघडले नाहीत. या वेळी तो पटकन बोलला नव्हता, अडखळला होता, आणि ते तिला ऐकू आलं असावं. त्याने पांढऱ्या दिव्याचंही सांगितलं. दोनशे चारला हात कसा गेला ते सांगितलं. सुटल्यासारखं वाटलं तेही सांगितलं. ती इतकी स्थिर पडून होती की त्याला वाटलं, झोप लागली. मग ती म्हणाली, “राग येतोय मला तुझा.”

“येऊ दे.”

“आत्ता यायला नको होता. शक्ती नाहीये अंगात.”

“हळूहळू येऊ दे.”

तिने रुमाल कपाळावर सारखा केला. नंतर कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं, आणि हात मागे तसाच राहू दिला, त्याच्या बाजूला, पालथा. तो घ्यायचा की नाही हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने त्या हाताशेजारी आपला हात ठेवला, मधे एका रेघेएवढी जागा सोडून. खिडकीतला उजेड कमी होत गेला. कुणी दिवा लावायला उठलं नाही. अंधार पुरता झाल्यावर भिंतीकडून अगदी बारीक आवाज आला, “एक.” तो म्हणाला, “दोन.” दीडशेच्या आत तिला झोप लागली. तो तीनशेपर्यंत मोजत राहिला.

तो तिथे राहिला. बाजारातून भाजी आणण्याइतकी तुर्की त्याला आली, विहीणबाईंशी भांडण्याइतकीही. ठकीने त्याला माफ केलं का, ते ती बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती त्याला किती दुखतंय ते खरं सांगायची, आणि तो ऐकून घ्यायचा.

त्याच्या बहिणीच्या लग्नानंतर अकराव्या महिन्यात, गुरुवारी, सकाळी पावणेसात वाजता ठकी वारली. ती चाळीस वर्षांची होती. बाप जवळ होता.